नाकारलेला नमुना

रक्ताच्या नळीवरचं लेबल पाच सेंटिमीटर लांब असतं. त्यात नाव, वय, तारीख आणि वेळ बसवावी लागते. तुरुंगातून आलेल्या डब्यातल्या चौथ्या नळीवर निळ्या शाईत एका बाईचं नाव होतं. शेवटच्या अक्षराला जागा पुरली नव्हती, म्हणून ते किंचित वर चढलं होतं. सोबतच्या छापील फॉर्मवर मात्र पुरुषाचं नाव होतं. दोन्हीकडची नावं जुळली नाहीत तर नमुना तपासायचा नाही, हा आमच्या प्रयोगशाळेचा पहिला नियम. एकाच्या रक्ताचा अहवाल दुसऱ्याच्या हातात पडला तर माणूस जिवाला मुकतो. मी लाल पेनाने ‘नाव जुळत नाही’ असं लिहिलं, नाकारलेल्या नमुन्यांच्या वहीत नोंद केली आणि नळी डब्यात ठेवून शिपायाबरोबर परत पाठवली.

तिसऱ्या दिवशी नळीवरच्या नावाची ती बाई गेली. सगळे तिला शिंपीण म्हणत, कारण तुरुंगाच्या शिवणखात्यात ती गणवेश शिवायची. ती बाई होती, पण कागदोपत्री पुरुष, म्हणून पुरुषांच्या बराकीत. आठवडाभर उलट्या-जुलाब चालले होते. रक्तातलं पोटॅशियम फार उतरलं की हृदय बंद पडतं; ते किती उतरलंय हे आमच्या यंत्राने वीस मिनिटांत सांगितलं असतं.

ती गेल्याचं मला ताईकडून कळलं. ताई माझी सख्खी मोठी बहीण. लहानपणी मी तिला दादा म्हणायचे, कारण घरात मला तसंच शिकवलं होतं. बाविसाव्या वर्षी चोरीच्या खोट्या आळावरून ती दोन वर्षं त्याच तुरुंगात होती. तिथे तिचे केस भादरले. सुटल्यावर तिने केस वाढवले आणि दर मंगळवारी पुन्हा त्याच फाटकाशी जायला लागली. त्याला आता अठरा वर्षं झाली. पिशवीत साबण, अर्जाचे कोरे कागद, कुणाच्या आईचा निरोप. तुरुंगातल्या कंपाउंडरने शिंपिणीला तिने स्वतः घेतलेल्या नावाने हाक मारावी म्हणून ताई सहा महिने भांडली. शेवटी त्याने हात टेकले. त्या दिवशी ताई इतकी खूश होती, की माझ्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर चपला घालून फिरत होती आणि ते नाव पुन्हा पुन्हा मला ऐकवत होती.

म्हणजे नळीवरचं ते नाव मी ऐकलेलं होतं. पण टेबलाशी बसले की मी नावं फक्त वाचते, माणसं आठवत नाही. एक फोन केला असता तरी पुरलं असतं.

चौकशी समितीने पत्र पाठवून विचारलं, की फॉर्मवरच्या नावाने कोणती तपासणी झाली. मी उत्तर लिहिलं: एकही नाही. त्या वाक्यात कुणालाही चूक सापडणार नाही. नाकारलेल्यांची वही वेगळी असते आणि ती कुणी मागितली नाही. परत गेलेला डबा तुरुंगाच्या कचेरीत कुणी उघडून पाहिला नसावा. कंपाउंडर सांगत राहिला, की आपण रक्त काढलं, पाठवलं. त्याला निलंबित केलं.

याला सात आठवडे झाले.

सुनावणीच्या आदल्या सकाळी ताईने मला बोलावून घेतलं. झेरॉक्सच्या दुकानावर तिची खोली आहे. कैद्यांची पत्रं तिथे बराकीनुसार बुटांच्या खोक्यांत लावलेली असतात. तिने तिचं निवेदन माझ्यापुढे सरकवलं.

“तेवढं पोटॅशियमचं बघ, शास्त्रज्ञबाई. एक चूक सापडली की तिथले साहेब सगळा कागद बाजूला टाकतात.”

मी वाचलं. कंपाउंडरने रक्त काढलंच नाही, असं तिने लिहिलं होतं. त्याला कामावरून काढून त्याच्यावर खटला भरावा, अशी मागणी होती. वाचताना ताई सांगत होती, की काल त्याची बायको जिन्यापर्यंत आली होती, पण तिने तिला वर येऊ दिलं नाही.

“म्हटलं, माझ्यापाशी रडू नकोस. शिंपिणीसाठी कोण रडलं?” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “चुकलंय का काही?”

रसायनशास्त्र बरोबर आहे, असं मी सांगितलं. तिने कागद जुळवून घेतले आणि बराच वेळ कडा सारख्या करत राहिली.

“त्याने तिला नावाने हाक मारली ना, तेव्हा मला वाटलं, हा बदलला. तेवढीच माझी चूक.”

हे दुःख ती पेलू शकत होती. खरं काय झालं ते तिला पेलेल की नाही, मला माहीत नव्हतं. सात आठवडे मी त्याच शंकेला दया म्हणत आले होते, आणि तेवढ्या काळात माझी नोकरीही शाबूत राहिली होती. खाली झेरॉक्सचं यंत्र सुरू झालं. ते थांबेपर्यंत मी थांबले.

“ताई, त्याने रक्त काढलं होतं,” मी म्हटलं. “नळी माझ्यापर्यंत आली होती. त्याने तिच्यावर शिंपिणीचं खरं नाव लिहिलं होतं, ते फॉर्मशी जुळेना, म्हणून मी ती परत पाठवली. उद्या वही घेऊन मी समितीपुढे येणार आहे.”