चौथ्या प्रतीचा जोर

जयलक्ष्मीला सकाळी वेणी घालता येईना, तेव्हा मात्र ती घाबरली. उजव्या हाताची बोटं पेडातून निसटत होती. मनगट महिनाभर ठणकत होतं, पण दुखणं अंगावर काढायची या बाईला भारी हौस. वेणी घालून द्यायला घरात कोणी नव्हतं. तिने केस तसेच गुंडाळले आणि कामावर गेली.

काम मतदारयाद्या कम्प्युटरवर चढवण्याचं. साल अठ्ठ्याण्णव. कुंभकोणमच्या बाजारात एका माडीवर सहा कम्प्युटर आणि सहा बाया. घरामागून घर, नावामागून नाव. जयलक्ष्मी सगळ्यांत जलद, आणि आवाजही तिचाच मोठा. तोंडाचा नव्हे, बोटांचा. टाइपरायटिंग ती अप्पाराव मास्तरांकडे शिकली होती. मास्तरांचा नियम असा, की कार्बनच्या चौथ्या प्रतीवरही अक्षर उमटेल इतक्या जोराने कळ हाणावी. आता ना कार्बन, ना कागद. पण जित्याची खोड. दिवसाचे आठ तास ती चौथ्या प्रतीसाठी हाणत होती.

हात गेला की काम जाणार. पोटाचं तिने कसंही भागवलं असतं. पण आई गेल्यावर हे काम धरलं ते माणसांत बसायला मिळावं म्हणून. माडी सुटली तर दिवसभर कुणाचा आवाज कानावर पडणार नाही, या विचाराने तिला धडकी भरली. म्हणून हाताचं तिने कोणाला सांगितलं नाही. तसं ती कोणाला काहीच सांगत नसे.

संध्याकाळी ती मास्तरांकडे गेली. पिढ्यांपूर्वी तमिळ मुलखात आलेल्या घराची मराठी बोलायला तिला आता मास्तर तेवढेच उरले होते. मास्तरांनी तिला रिकाम्या टेबलावर बोटं चालवायला लावली आणि बराच वेळ बघत राहिले.

"त्या यंत्रांत ओळ सरली की घंटी वाजत होती," ते म्हणाले. "तूं हात उचलून कागदाची गाडी मागें ढकलत होतीस. पान सरलें की कागद बदलत होतीस. तें अस्कं, सगळें, हाताला सुट्टी होती. हें यंत्र सुट्टी देत नाहीं, तूंच घे. आणि इतकें हाणूं नको. मी शिकवलेलें अत्तां चालत नाहीं."

खुर्चीवर उशी घे, मनगट सरळ ठेव, दर वीस नावांनी हात मांडीवर सोड, असंही त्यांनी सांगितलं.

तिने सगळं केलं. माडीवर आता फार शांत वाटतं, अशी शेजारच्या खुर्चीवरच्या नागलक्ष्मीने थट्टा केली. महिन्याभरात ठणका उतरला आणि वेणीही जमू लागली.

पण भलतंच निघालं. हात थांबले की डोळे वाचू लागले. आजवर हजारो नावं तिने चढवली होती, वाचलं एकही नव्हतं. आता दिसायचं, एकेका दारामागे सहा-सहा, आठ-आठ माणसं. बोटांच्या खडखडाटात आपलं एकटेपण ऐकू येत नव्हतं, ते आता वीस-वीस नावांनी येऊ लागलं. यापेक्षा मनगटाचं दुखणं परवडलं, असं तिला वाटे.

एका गुरुवारी तिचीच गल्ली आली. तिच्या घरात दोन नावं होती, जयलक्ष्मी आणि मीनाक्षीबाई. नावं लिहायला कारकून आला तेव्हा आई जाऊन चार महिने झाले होते, पण एकच नाव सांगायला तिची जीभ रेटली नव्हती. पूर्वीच्या वेगात ती दोन्ही चढवून पुढे गेली असती. पण मीनाक्षीबाईपाशी वीस भरले आणि हात मांडीवर आले.

ती बघत राहिली. मग नागलक्ष्मीला तमिळमध्ये म्हणाली, "यातलं एक नाव काढायला हवं. माझी आई. ती नाही आता."

नागलक्ष्मीने काम थांबवलं. कधी गेली, असं विचारलं. दिवाळीनंतर, मी इथे यायच्या आधीच, जयलक्ष्मीने सांगितलं.

"दहा महिने माझ्या शेजारी बसतेस, आणि आज सांगतेस?" नागलक्ष्मी म्हणाली.

जयलक्ष्मीने नाव काढलं. नागलक्ष्मीने खुर्ची जवळ ओढली, आणि पडद्यावर उरलं ते दोघींनी वाचलं. घर नंबर एकोणीस, मतदार एक.