आधी गंज, मग रंग

तळ

सगळ्यात खाली फळी. जुन्या कपाटाचं दार ते, बिजागरीच्या खाचा अजून दिसतात. त्यावर थर्माकोल, थर्माकोलवर प्लास्टर, प्लास्टरवर वापरून वाळवलेली चहाची पूड. माती का नाही? कारण लहान जगात खरी माती खरी दिसत नाही. तिचे कण धोंड्यांसारखे वाटतात. चहा मात्र बेमालूम माती होतो.

एवढं झालं की शेताला जमीन आली.

हे करणारी बाई पन्नाशीची. घरात तिला चिमटी म्हणत. लहानपणी अंगाने चिमटीएवढी होती म्हणून पडलेलं नाव, आणि पुढे हातात कायमचा चिमटाच आला, त्यामुळे ते सुटायचं राहून गेलं. ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि ती त्यातून माणसांची तोंडं भरून काढायची. तिची खुबी एकच: नवी कवळी नवी दिसू द्यायची नाही. सत्तरीच्या माणसाला विशीतले दात बसवले की तो हसतो आणि समोरचे दाताकडेच बघत राहतात. म्हणून ती दाताच्या मुळाशी पिवळसर झाक द्यायची, एखाद्या सुळ्यावर केसाएवढी चीर ओढायची. लोक आरशात बघून म्हणायचे, "अरे, हे तर माझेच!" त्या "माझेच"साठी तिने बावीस वर्षं मान मोडून काम केलं होतं.

आता ती वडिलांचं शेत बनवत होती. एकास अठ्ठेचाळीस. म्हणजे अठ्ठेचाळीस फुटांचा गोठा एका फुटात. सकाळी कामावर जायच्या आधी दोन तास, जेवणाच्या टेबलावर. त्यामुळे घरातलं जेवण सहा महिने मांडीवर ताट घेऊन चाललं होतं, आणि एरवी टेबलावर चादर असायची.

"काय करतेस गं तिथे खुडबुड?" आतल्या खोलीतून बाबा विचारायचे.

"कळेल."

"कळेपर्यंत मी राहायला हवा ना!"

"राहाल. तुम्हाला घाई कसलीच नसते."

पावलं

चार वर्षांपूर्वी बाबा शिडीवरून पडले. गोठ्याच्या पत्र्याला रंग देत होते, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, एकटे. दर दोन वर्षांनी द्यायचे. खुब्याचं हाड मोडलं. चिमटीने त्यांना शहरात आणलं ते एका वाक्यावर: "हिवाळ्यापुरतं चला, बाबा. पाय धरला की परत." गाई शेजाऱ्याकडे गेल्या. पत्र्याची जबाबदारी दादाने घेतली. तो तिथून तासाभरावर राहायचा.

पाय काही धड धरला नाही. पण बाबांनी नाद सोडला नाही. शेतावरच्या घरापासून गोठ्यापर्यंत एकशे दहा पावलं होती. रोज सकाळी वॉकर घेऊन ते बोळात फेऱ्या मारायचे आणि मोठ्याने मोजायचे. एकसष्टला दम लागायचा. सत्तरला खुर्ची. गेल्या वर्षी त्र्याण्णवपर्यंत मजल गेली होती.

"एकशे दहा झाले की बॅग भरायची," ते म्हणायचे. "जास्त काही नको. दोन सदरे आणि हा दुष्ट वॉकर. तो गोठ्यामागे पुरून टाकीन."

रविवारी दादाचा फोन यायचा.

"पत्र्याला रंग दिलास?"

"दिला, बाबा."

"तांबडाच ना? खालून जस्ताचा हात मारून?"

"हो हो, तसाच."

चिमटी शेजारी बसून हे ऐकायची आणि बाबांच्या चहात साखर ढवळत राहायची. विरघळून गेली तरी ढवळायची.

गंज

मोठ्या जगात पत्रा आधी नवा असतो, मग त्याला रंग लागतो, मग गंज चढतो. लहान जगात सगळं उलटं. आधी गंज. तपकिरी, विटकरी, नारिंगी, असे ओलसर ठिपके एकात एक. ते वाळले की वर मिठाचे कण चिकटवायचे, जिथे रंग उडालेला दाखवायचा तिथे. मग वरून तांबडा रंग. मग ओल्या बोटाने मीठ खरवडायचं. मीठ निघतं, रंगाचा पोपडा निघतो, खालचा गंज बाहेर येतो. बघणाऱ्याला वाटतं, काळाने खाल्लंय. प्रत्यक्षात काळ आधीच आत ठेवलेला असतो.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली, कारण चिमटीनेही ती कुणाला सांगितली नव्हती. सात महिन्यांपूर्वी "कामाचं प्रशिक्षण आहे" म्हणून ती दोन दिवस बाहेर गेली होती ती शेतावर. रंग दिलेला नव्हता. चार वर्षांत एकदाही नव्हता. फाटक एका बिजागरीवर लोंबत होतं. उत्तरेकडची पन्हळ तुटून भिंतीवर हिरवा ओघळ उतरला होता. डावीकडून पाचवा पत्रा वाऱ्याने दुमडला होता, पुस्तकाचं पान दुमडतात तसा. आत गवताच्या जागी पाणी. दादा तिकडे फिरकलाच नव्हता, आणि का नाही हे विचारायचं बळ तिच्यात नव्हतं, कारण चार वर्षं तीही फिरकली नव्हती.

तिने एकशे चाळीस फोटो काढले. परत आली. काही बोलली नाही.

मग एकदा जेवताना बाबा म्हणाले, "आता मला शेत डोळ्यांपुढे नीट येत नाही गं. फाटक येतं, मग एकदम विहीर. मधलं पुसलंय." त्याच आठवड्यात तिने कपाटाचं दार आडवं केलं.

तिच्याकडे फोटो होते ते एवढेच. आणि हाताला सवय होती ती एकच: जसं आहे तसं. समोर गंज दिसत असताना हात नवा पत्रा बनवेल कसा? सहा महिने ती त्या गंजात इतकी रमली, की आपण नक्की काय बनवतोय हे तिच्या लक्षातच आलं नाही. दुमडलेला पाचवा पत्रा तिने तीनदा केला. तिसऱ्यांदा साधला तेव्हा ती एकटीच टाळी वाजवून हसली.

तपासणी

बाबांना तिने टेबलाशी आणून बसवलं. डोळ्यांवरचा हात काढला. हातात भिंग दिलं, कवळ्या तपासायचं.

त्यांनी भिंग डोळ्याशी धरलं. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की चिमटीला वाटलं, सगळं वसूल झालं.

"विहीर. अगं, रहाटाची मूठसुद्धा! हे जांभळाचं झाड. ट्रॅक्टर. आणि त्याचं बोनेट कुठाय? हां, नव्हतंच. बरोबर. चिमटे, तू माणूस आहेस की कोण?"

भिंग पुढे सरकलं. फाटकापाशी थांबलं. पन्हळीपाशी थांबलं. छपरावर आलं आणि एकेका पत्र्यावरून जाऊ लागलं. चौदा पत्रे होते. पाचव्यावर ते थबकलं ते हलेचना. तेव्हा कुठे तिला दिसलं, की तिने काय आणून त्यांच्यापुढे मांडलंय.

"हा गंज एका पावसाचा नाही," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, बाजारात गाय पारखताना असायचा तसा. "दोन वर्षांत खिळ्याभोवती चकती पडते. जोडावर रेघ उतरायला तीन. इथे रेघ खालच्या काठाला पोचलीय. चार."

"बाबा, ते नुसतं आपलं दिसायला..."

"पाचवा कोपऱ्यातून उचकटलाय. तिथला खिळा मी पडलो त्या दिवशी बसवायचा राहिला होता. हे तुला कुणी सांगितलं? मी तर नाही." त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. "हे मनाने केलेलं नाही. हे तू बघून आलीस."

चिमटीने भिंग उचलून कापडाने पुसायला घेतलं.

"दोघंही," बाबा म्हणाले. "तो फोनवर, आणि तू इथे, माझ्या चहाशी."

त्यांनी वॉकर ओढला आणि आत गेले. सोळा पावलं. मोजली नाहीत.

(इथे काही नाही)

दुसऱ्या दिवशी बोळात फेऱ्या झाल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. वॉकरवर टॉवेल वाळत पडला.

रविवारी दादाचा फोन आला. बाबांनी घेतला नाही. चिमटीने घेतला आणि झालं ते सांगितलं.

"खेळणं बनवलंस आणि मला उघडं पाडलंस," दादा म्हणाला. "वा! चार वर्षं मी खोटं बोललो ते कुणासाठी? ते जगावेत म्हणूनच ना?"

"मीही त्यासाठीच गप्प होते."

"मग बोलायला कशाला गेलीस?"

"मी कुठे बोलले?" चिमटी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "हात बोलला."

रंग

अकराव्या दिवशी तिला कामावर जायला उशीर झाला, कारण बाबा टेबलाशी येऊन बसले होते.

"तांबडा आण."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? छप्पर असं ठेवायचं? लोक काय म्हणतील?"

तिने तांबडा काढला. त्यांनी डबीत डोकावून नाक मुरडलं. "हा नाही. ही लिपस्टिक झाली. विटेकडे झुकलेला पाहिजे." तिने काळ्याचा एक थेंब टाकला. मग तपकिरी. चौथ्यांदा त्यांनी मान हलवली.

"आणि शिडी कुठाय?"

"शिडी?"

"शिडीशिवाय वर जाऊ कसा?"

तिने काड्यापेटीच्या काड्यांची शिडी केली, अकरा पायऱ्यांची. पडले ती दहाची होती, पण त्यांनी अकराच सांगितल्या. "एक कमी होती, म्हणून तर घसरलो."

ब्रश दाताला झाक देण्याचा होता, सात केसांचा. त्यांच्या हाताला कंप. एक पत्रा बोटभर लांब, तरी पूर्ण सकाळ लागायची. रंग जाड बसायचा, काठावरून ओघळायचा, भिंतीवर डाग पडायचे. चिमटीचा जीव वरखाली व्हायचा. तिच्या सहा महिन्यांच्या गंजावर ते ढेकळासारखा रंग लिंपत होते. एकदा तिने पुसायला कापूस पुढे केला.

"हात लावू नकोस. माझं छप्पर आहे."

रोज एक पत्रा. संपला की शिडी उचलून पुढच्याला टेकवायची, चिमट्याने, स्वतः. पाचव्याला त्यांनी दुमडलेला कोपरा नखाने हळूच खाली दाबला आणि सुईने भोक पाडून बारीक तारेचा खिळा बसवला. त्या दिवशी त्यांनी गरम पोळी मागून घेतली आणि दादाला फोन लावायला सांगितला.

"पाचव्याचा खिळा बसवला," एवढंच त्याला म्हणाले. आणि फोन चिमटीकडे दिला. पलीकडून दादाचा नुसता श्वास ऐकू येत होता.

सहा, सात, आठ. आठव्यानंतर दोन दिवस ताप. नववा त्यांनी निम्मा बसून आणि निम्मा फळी पलंगावर आणवून केला. शिडी दहाव्याला टेकवली.

"उद्या," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिमटी कामावर होती. कुणाचे तरी खालचे दात साच्यातून निघत होते. शेजारणीचा फोन आला.

धूळ

दादा पंधरा दिवस राहिला. कपडे आवरले, औषधं परत केली, वॉकर कुणाला तरी दिला. जायच्या सकाळी तो टेबलाशी उभा राहिला.

"नऊ नवे, पाच गंजलेले. विचित्र दिसतंय गं. पुरं का नाही करत? तुला दहा मिनिटांचं काम."

चिमटीने डबी उघडली. रंगावर साय धरली होती. तिने ती बाजूला केली, ढवळलं, सात केसांचा ब्रश त्याच्या हातात दिला.

"तू कर."

दादाचा हात मोठा, रखरखीत. ब्रश त्याच्या बोटांत काडीसारखा दिसत होता. तो वाकला. शिडीकडे बघितलं, दहाव्या पत्र्याकडे बघितलं. ब्रश रंगात बुडवला. एक थेंब टोकाशी गोळा झाला, लोंबला, परत डबीत पडला. त्याने ब्रश काठावर पुसला आणि डबीवर आडवा ठेवला.

"नाही जमायचं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

तो गेला. डबीचं झाकण तिने लावलं.

काच बसवायला हवी, हे तिला माहीत होतं. पण मग शिडीपर्यंत हात पोचणार नाही, म्हणून तिने ती बसवली नाही. आता रोज सकाळी, चहाच्या आधी, ती दातांवरची भुकटी उडवायचा रबरी फुगा घेऊन बसते आणि छपरावरून धूळ उडवते. कितीतरी वेळ जातो. तिने घोटून लावलेली खोटी धूळ मवाळ होती, विश्वास बसावा अशी. खरी धूळ तशी नसते. एकास अठ्ठेचाळीसच्या जगात ती फार मोठी असते. कापसाच्या पेळूएवढी. शिडीच्या पायऱ्यांत अडकते, आणि सगळ्यात वरची, अकरावी, तिला रोज चिमट्याने सोडवावी लागते.