सोवळ्यातला चषक

ओरेस्ट पावलिशिनच्या घरी सकाळी सगळ्यात आधी त्याचा उजवा गुडघा जागा होतो. पलंगाच्या कडेवर बसून तो पाय दोनदा वाकवतो, आत काहीतरी कटकन वाजल्याची खात्री करून घेतो आणि मगच त्यावर भार टाकतो. न्हाणीघरातल्या पेल्यात ठेवलेले पुढचे दात तो धुऊन बसवतो. मूळचे दात निरनिराळ्या शहरांच्या बर्फावर राहून गेले. खाली येऊन कॉफी ठेवतो, जाड कोट चढवून अंगणात जातो, रात्रभर इंजीन गरम राखणारी विजेची तार गाडीच्या नाकातून उपसतो आणि कोपराभोवती गुंडाळून खुंटीला अडकवतो. गाडी चालू करून तापत ठेवतो. मग आत येऊन मुलीसाठी पॅनकेक करतो.

त्या गुरुवारीही त्याने हे सारे याच क्रमाने केले. पॅनकेकवर मेपलचा पाक ओतला, ताटली घेऊन वळला; आणि डारकाने हात पुढे केला नाही.

"तिथे ठेव ना बाबा. टेबलावर."

"अगं, गरम आहे, धर की."

"टेबलावर ठेव. मी घेते."

ओरेस्टने ताटली टेबलावर ठेवली. त्याची बायको मार्लिस हातातला कप तसाच धरून दोघांकडे पाहत राहिली. डारका चौदा वर्षांची होती आणि टोरफिल्ड गावच्या मुलींच्या आइस हॉकी संघाची गोलरक्षक होती. संघाने मंगळवारी उपांत्य सामना जिंकला होता. शनिवारी अंतिम सामना होता, आणि तोही घरच्या बर्फावर.

आमच्या टोरफिल्डमध्ये कोणी अडाणी नाही. आमचे शेतकरी मातीची परीक्षा करून घेतल्याखेरीज गव्हाचा दाणा टाकत नाहीत आणि उपग्रहाकडून ढगांची चौकशी करतात. परंतु एका गोष्टीबाबत या देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकवाक्यता आहे: उपांत्य फेरीच्या चषकाला खेळाडूने हात लावायचा नाही. तो समारंभपूर्वक टेबलावर मांडतात, कर्णधार त्याच्या शेजारी उभा राहतो, छायाचित्र निघते, आणि सगळे त्याच्याकडे पाठ करून निघून जातात. हात लावला की मुख्य चषक गेला. ज्यांच्या आज्यांनी देव सोवळ्यात ठेवले, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

ओरेस्टने हात लावला होता.

सोळाव्या वर्षी तो घर सोडून उत्तरेकडच्या एका गावी परक्या कुटुंबात राहायला गेला, कारण इथे हॉकीत पुढे जायचे तर तसेच जातात. तिथून बसमध्ये झोपत, बसमध्येच शाळेचा अभ्यास करत तो मोठ्या लीगमध्ये पोचला. तो बचावपटू होता. समोरून रबरी चकती, इथे चेंडूच्या जागी तीच असते, गोळीसारखी सुटली की तिच्या वाटेत आडवे पडणे हे त्याचे काम. गोल करणाऱ्यांची छायाचित्रे न्याहारीच्या कॉर्नफ्लेक्सच्या डब्यांवर छापली गेली. ओरेस्टची बहुतेक छायाचित्रे इस्पितळात निघाली आणि त्यांत फक्त हाडे दिसत. तरीही पूर्वेकडच्या ज्या शहरासाठी तो खेळे, त्याला तो आवडत असे. आपल्या वतीने दुसऱ्याने मार खाल्ला की शहरांना तो मनापासून आवडतो.

मग ती संध्याकाळ आली. उपांत्य फेरी जिंकली, बर्फावर गालिचा अंथरला, टेबल मांडले, त्यावर चषक ठेवला. टेबलाचा एक पाय आखूड होता. कर्णधार छायाचित्रासाठी जवळ सरकला, टेबल कलंडले आणि चषक निसटला. वीस खेळाडू तो पडताना शांतपणे पाहत होते. ओरेस्टने विचार केला नाही. विचार करणाऱ्याला चकतीपुढे आडवे पडता येत नाही. त्याने झेप घेतली आणि चषक दोन्ही हातांनी छातीशी धरला. छायाचित्र नेमके तेच निघाले.

अंतिम फेरी संघ हरला. शेवटच्या सामन्यात गोलरक्षक एतिएन गोव्हरोच्या मागच्या जाळ्यात चकती सहा वेळा गेली, त्यांपैकी एकदा त्याच्या दोन पायांमधून. परंतु शहराने गोव्हरोला एका शब्दाने दुखावले नाही. कारण शोधायची गरजच नव्हती. कारण छायाचित्रात होते. रेडिओवर डॉक्टर, वकील आणि एक निवृत्त न्यायाधीश फोन करून ओरेस्टच्या हातांविषयी बोलले. उन्हाळ्यात त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकण्यात आले. तिथून खालच्या लीगमध्ये, तिथून स्लोव्हाकियात, जिथे पगार उशिरा येई आणि कोबी वेळेवर. शेवटी तो बायको-मुलीसह घरी परतला.

आम्ही त्याचे प्रेमाने स्वागत केले. हस्तांदोलन हातमोज्यांसकट केले, पण तेव्हा थंडीही होतीच.

गावच्या रिंकमधला, म्हणजे छताखालच्या खेळाच्या मैदानातला, बर्फ घालायचे आणि राखायचे काम आम्ही त्याला दिले. पुढे तो मुलींच्या संघाचा दुय्यम प्रशिक्षकही झाला. आणि दर नाताळात क्वेबेकहून त्याच्या नावाने मेपलच्या पाकाचा एक मोठा डबा येऊ लागला. सोबत चिठ्ठी नसे. पाठवणाऱ्याचे नाव मात्र असे: ए. गोव्हरो.

गुरुवारी दुपारी ओरेस्ट रिंकच्या कडेचा बर्फ खरवडत होता, तेव्हा गॉर्डन थीसन आला. गॉर्डन रिंक-समितीचा अध्यक्ष आणि पेशाने गारपिटीच्या विम्याचा दलाल.

"ओरी, तुला ठाऊक आहे, मी काही अंधश्रद्धाळू माणूस नाही."

"तू नाहीस रे. तुझे मोजे आहेत. इथवर वास येतोय."

"मोज्यांचं सोड. पहिल्या सामन्याला हेच होते, आता मध्येच कशाला बदलायचे?" गॉर्डनने घसा साफ केला. "शनिवारचं बोलायला आलो होतो. सकाळी तू बर्फ घाल. तुझ्यासारखा बर्फ या प्रांतात कोणी घालत नाही, मी सगळीकडे सांगतो."

"बरं. आणि मग?"

"मग तू आणि मार्लिस सास्काटूनला जा. नदीकाठचं ते हॉटेल आहे ना, तिथे. दोघांचं जेवण, वाइन, गोड, सगळं समितीकडून." त्याने खिशातून एक जाडजूड, सोनेरी कडेचे कूपन काढले.

"सामना दुपारी आहे, गॉर्डन."

"म्हणून तर जेवणही दुपारचंच आहे."

"बाकापासचं बर्फाकडचं दार कोण उघडणार? पोरींना आतबाहेर कोण करणार?"

"फादर मिरोन उघडतील. विचारून झालंय. दाराबरोबर प्रार्थनाही होईल."

ओरेस्टने खरवडणे थांबवले. गॉर्डनने आवाज खाली आणला.

"अरे, गावाचं प्रेम आहे तुझ्यावर. कोणालाही विचार. फक्त शनिवारपुरतं जरा लांबून करू, एवढंच म्हणणं आहे."

"तू विमा विकतोस. शक्यता, हिशोब, सगळं शिकलेला माणूस. तुला खरंच वाटतं?"

"मला वाटत नाही," गॉर्डन प्रामाणिकपणे म्हणाला. "पण न वाटून हरलो तर?"

ओरेस्टने कूपन घेतले. त्याला दोष देण्यापूर्वी एवढे ध्यानात घेतले पाहिजे की, ज्या गोष्टीवर एका सबंध शहराचे एकमत होते तिच्यावर एकट्याने अविश्वास ठेवत राहणे फार दमवणारे काम आहे. दिवसा त्याला ते जमे. पण कधी नळाखाली हात धुताना तो त्यांच्याकडे जरा अधिक वेळ पाही.

जेवताना मार्लिसने कूपन दिव्यासमोर धरून वाचले.

"स्टेक, कोणताही. वा! आपल्याला गावाबाहेर काढतायत, ओरेस्ट, पण पोट भरून काढतायत. माणसं मायाळू आहेत."

"एका दुपारचा तर प्रश्न आहे."

"तुझ्यासाठी असेल. मी माझ्या मुलीचा सामना बघणार. तू जा आणि दोघांचं खा." तिने कूपन त्याच्या ताटाशी सरकवले. "आणि त्या गॉर्डनला सांग, आधी मोजे धुवायला टाक. नाहीतर त्या वासानेच समोरचा संघ सामना सोडून जाईल."

डारका हसली नाही. तिने दोन घास खाऊन ताट मागे सारले.

जेवणानंतर ओरेस्ट तळघरात तिच्या स्केटच्या पात्यांना धार लावायला बसला. काही वेळाने ती खाली आली आणि पायरीवर बसली.

"बाबा, तू जाणार आहेस का?"

"तुला काय हवंय?"

"मुली म्हणतात..."

"मुलींचं मला माहीत आहे. मंगळवारपासून टाळी द्यायच्याऐवजी लांबून मान हलवतात. तुला विचारतोय."

धार लावायच्या चाकाचा आवाज होत राहिला.

"त्या सामन्यात सहा गोल गेले होते ना? गोव्हरोकडून?"

"सहा."

"एक पायांमधून."

"हो. तो जरा बघवला नाही."

"मग त्याला कोणी काहीच बोललं नाही?"

"नाही."

"का?"

"मी होतो ना," ओरेस्ट म्हणाला.

डारका एक पायरी खाली सरकली. मग म्हणाली, "आणि तू सास्काटूनला गेलास, आणि माझ्याकडून गोल गेले, तर?"

ओरेस्टने चाक बंद केले.

"गॉर्डनकाका दुकानात भेटले. म्हणाले, बाकी सगळी काळजी आम्ही घेतलीये, आता फक्त तू आहेस." तिचा आवाज बारीक झाला. "मला दोन दिवस काही गिळवत नाहीये, बाबा. सकाळचे पॅनकेक मी कुत्र्याला घातले."

त्याने पात्याची धार अंगठ्याच्या नखावर घासून पाहिली, दुसऱ्या पात्याचीही पाहिली. स्केट तिच्या हातात द्यायला तो वळला, थबकला आणि ते त्याने शेजारच्या बाकावर ठेवले.

"झालं. घेऊन जा."

इतक्या वर्षांत त्या पाकाच्या डब्यांचा अर्थ त्याला कळला नव्हता असे नाही. गोव्हरो पुढे कितीतरी हंगाम खेळला, हसत खेळला. एका माणसाने सगळा दोष उचलला की दुसऱ्या माणसाचे हात किती हलके होतात, हे त्या पाकात होते. मात्र ही गोष्ट कोणाला मुद्दाम देताही येते, हे त्याला त्या संध्याकाळी प्रथमच सुचले.

शनिवारी सकाळी त्याने बर्फ घातला. तो नेहमीप्रमाणे काचेसारखा झाला. दुपार होईतो रिंकचे दर्शनी दालन माणसांनी भरले. जो तो आपापल्या ठरल्या जागी, ठरल्या टोपीत उभा होता. उपाहारगृहातली व्हर्ना कढईतले तेच तेल तापवत होती, जे पहिल्या विजयापासून तिने बदलले नव्हते आणि ज्याचा रंग आता कॉफीला लाजवणारा झाला होता. मधोमध, लाल दोरीच्या आत, एका टेबलावर उपांत्य फेरीचा चषक होता. त्याच्यापुढे पाटी होती: हात लावू नये. दरवाजा उघडला-मिटला की टेबल किंचित डुगडुगे.

ओरेस्ट आला तेव्हा गॉर्डनने घड्याळ पाहिले.

"अरे, अजून इथेच? रस्त्यावर बर्फ आहे, वेळेत निघायला हवं."

"निघतो. एक काम राहिलंय." तो उपाहारगृहाच्या खिडकीशी गेला. "व्हर्ना, भांडी घासायचा साबण दे. आणि एक स्वच्छ फडकं."

"तुला कशाला? माझी भांडी मी घासलीयेत."

"एक राहिलंय."

त्याने हातमोजे काढून कोटाच्या खिशात कोंबले, दोरीवरून दुखरा गुडघा जपून पलीकडे टाकला आणि चषक उचलला. सवयीने असेल, तो त्याने छातीशी धरला.

दालनात एवढी शांतता गेल्या कित्येक वर्षांत, प्रार्थनेच्या वेळीही, झाली नव्हती. फादर मिरोन यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. कोणाच्या तरी हातातले बटाट्याचे तळलेले तुकडे रश्श्यासकट जमिनीवर पडले. ओरेस्ट गर्दीतून वाट काढत गेला; वाट काढावी लागलीच नाही, लोक आपणच बाजूला झाले. व्हर्नाच्या मोरीत त्याने चषक ठेवला आणि साबणाने आतून-बाहेरून घासला. तळाशी वाळलेले च्युइंगम होते आणि एक मेलेला पतंग.

"ओरी, मेल्या," व्हर्ना कुजबुजली, "अरे, काय केलंस हे?"

"बघ ना, किती घाण होती."

त्याने तो नीट कोरडा केला आणि परत टेबलापाशी आणला. टेबल डुगडुगले. चषक काखेत धरून त्याने खिशातून सोनेरी कडेचे कूपन काढले, त्याची घडी घातली, तिची आणखी एक घडी घातली, वाकून ती टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली आणि टेबल हलवून पाहिले. ते हलले नाही. मग त्याने चषक वर ठेवला.

गॉर्डनच्या चेहऱ्यावर पावसाआधीच पीक आडवे झालेल्या माणसाची कळा होती.

"ओरेस्ट, आता हरलो तर?"

"तर माझ्यामुळे," ओरेस्ट म्हणाला. "सगळ्यांनी पाहिलंय. आता पोरीकडे कोणी बघायचं नाही."

कपडे बदलायच्या खोलीच्या दारात डारका उभी होती, मुखवटा डोक्यावर सारलेला. तिच्या मागे इतर मुली एकमेकींच्या खांद्यावरून पाहत होत्या. ओरेस्ट त्यांच्या जवळून जाताना थांबला, बाकड्यावरची तिची पाण्याची बाटली उचलली आणि यावेळी कुठेही न ठेवता तिच्यापुढे धरली.

"हात तरी पुसायचे, बाबा," डारका म्हणाली, आणि तिने बाटली घेतली.

तो फादर मिरोन यांच्या शेजारून पुढे गेला आणि त्याने मुलींसाठी बर्फाकडचे दार उघडून धरले.