गरम डांबरावर थांबायचं नसतं

मी रोलर बोलतोय. जरा मोठ्यानं बोलतोय, कारण माझं इंजिन चालू आहे. आणि जरा घाईनं बोलतोय, कारण ते कुठल्याही क्षणी बंद होईल. एकदा इंजिन बंद झालं की माझी बोलती बंद. मग तुम्ही कितीही कान लावा, लोखंड गार होतानाची टिकटिक तेवढी ऐकू येईल.

माझ्या सीटवर एक म्हातारा बसलाय. पाच वाजून गेलेत, काम संपलंय, सगळे खाली उभे आहेत. चावी त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर आहे. वीस मिनिटं झाली, तो काही ती फिरवत नाही. आणि मी आपला जागच्या जागी धडधडतोय. मला हे उभं राहणं जमत नाही हो! देह दहा टनांचा असला तरी स्वभाव उतावळा आहे माझा.

माझा जन्म एका मोठ्या शेडमध्ये झाला. दोन पोलादी ड्रम, एक पुढं आणि एक मागं, मध्ये इंजिन, वर सीट आणि सीटवर पत्र्याचं छप्पर. ड्रमच्या पोटात एक वजन बसवलं. ते गरगर फिरायला लागलं की मी थरथरतो, आणि त्या थरथरीनं डांबर आतपर्यंत घट्ट बसतं. म्हणजे थरथरणं हा माझा रोग नाही, माझा धंदा आहे. लोक मला कासव म्हणतात. शाळेतली पोरं माझ्याशी शर्यत लावतात आणि जिंकली की वाकुल्या दाखवतात. अरे, ज्याच्यावरून पळताय तो रस्ता कुणी केला?

माझ्या धंद्यात एक नियम फार कडक आहे. गरम डांबरावर थांबायचं नाही. थांबलात की माझ्या वजनानं खळगा पडतो, आणि डांबर गार झालं की तो खळगा जन्माचा. मग त्यात पाणी साचतं, गाड्या आपटतात आणि लोक आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. म्हणून पुढं जायचं, मागं यायचं, पुन्हा पुढं जायचं. विसावा घ्यायचा तो गार जागेवर नेऊन.

माझा पहिला ऑपरेटर झोपाळू होता, दुसरा फोनवर बोलत बसणारा. दोघांबद्दल चांगलं बोलण्यासारखं काही नाही, म्हणून पुढं जातो. तिसरा हा. एकोणीस वर्षं झाली त्याला. रस्त्याच्या कडेची रेष तो इतकी सरळ राखायचा की मुकादमानं त्याचं नावच ओळंबा पाडलं. आता ओळंबा पाठीत वाकलाय, पण नाव काही बदललं नाही. सगळे त्याला ओळंबा काका म्हणतात.

त्याचा डावा कान मी खाल्ला. इंजिनाचा आवाज त्या बाजूनं येतो, आणि कानात बोळे घालायची त्याला सवय नव्हती. हळूहळू तो कान गेला. मला याचं फार वाईट वाटतं, पण काकूंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याचाही विनोद करून टाकला. "अहो, मी कामाचं काही सांगितलं की बरोब्बर तुमचा डावा कान पुढं येतो," असं त्या म्हणतात.

मग साडेतीन वर्षांपूर्वी एका सकाळी मला वाटलं, माझं बेअरिंग गेलं. पुढं-मागं जायचा जो दांडा असतो, त्याची मूठ खुळखुळत होती. मेकॅनिक आला, त्यानं सगळं उघडून पाहिलं, डोकं खाजवलं आणि पुन्हा बंद केलं. बिघाड माझ्यात नव्हताच. काकाचा उजवा हात दांड्यावर नुसता टेकलेला असला की कापायचा. आधी अंगठा, मग मनगट. आणि गंमत बघा, काम सुरू झालं, त्यानं दांडा घट्ट धरून ओढला की हात शांत. थांबला की थरथर, चालला की स्थिर. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूचा आजार आहे, बरा होणारा नाही, पण गोळ्या वेळेवर घेतल्या तर बराच काळ रेटता येईल. गोळी चुकली की अंग आखडेल, कधी कधी जागच्या जागी गोठल्यासारखं होईल.

हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. काकूंना तेवढं ठाऊक. त्यांनी त्याच्या शर्टांची सगळी बटणं काढून टिचबटणं लावली. डब्यात चमच्यानं खाता येईल असंच द्यायला लागल्या. कामावर कळलं तर सीट जाणार, ही त्याला भीती. पैशाची काळजी होतीच, पण खरं कारण वेगळं होतं. घरी हात मांडीवर ठेवून बसला की तो हात त्याचा राहत नसे. माझ्या सीटवर तो त्याचा असायचा.

मग त्यानं युक्ती काढली. मला बंदच करेना! माझ्यावर बसलेला माणूस थरथरला तर कुणाला काय नवल? जेवणाच्या सुट्टीत इंजिन चालू, चहाच्या वेळी इंजिन चालू. खाली उतरून चारचौघांत बसायचा तो माणूस आता वरच डबा खायचा. उतरावंच लागलं तर उजवा हात खिशात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"काका, मशीनशी लग्न लावलंय का?" मुकादम खालून ओरडायचा. "डिझेल काय तुमच्या सासऱ्यानं पाठवलंय?"

"बंद केलं की लवकर चालू होत नाही," काका सांगायचा. धडधडीत खोटं. अर्ध्या चावीला सुरू होतो मी. माझी अशी बदनामी झाली, तरी मी चूप राहिलो. खरं सांगू? मला बरं वाटत होतं. माझ्या थरथरीत त्याची थरथर लपते, एवढा उपयोग माझा याआधी कुणी केला नव्हता.

पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

काकूंनी त्याला एक घड्याळ आणून दिलं. गोळीची वेळ झाली की ते मनगटावर गुरगुरायचं. कान गेलेल्या माणसाला घंटा काय कामाची, म्हणून हे. घरी ते छान चालायचं. पण माझ्यावर? माझ्यावर बसल्यावर तळपायापासून टाळूपर्यंत सगळंच गुरगुरतं. त्यात एवढंसं घड्याळ कुणाला जाणवणार? एरवी जेवणाबरोबर गोळी आठवणीनं घेतली जायची, म्हणून निभावलं. सात महिन्यांपूर्वी एके दिवशी मात्र डांबराच्या गाड्या एकामागून एक आल्या आणि जेवणाची सुट्टीच झाली नाही. एक वाजता घड्याळ गुरगुरलं. मला कळलं, त्याला नाही कळलं. सव्वा वाजता पुन्हा गुरगुरलं. मी काय करणार? माझ्याकडं सांगायला एकच भाषा, आणि ती थरथरीची.

दोन वाजायला आले तेव्हा माझ्यापुढं लवंगी होती. लवंगी म्हणजे आमच्या टोळीतली दाताळेवाली. डांबर पसरलं की कडेचे गोटे ओढून काठ साफ करायचं काम तिचं. अंगानं एवढीशी, जीभ तिखट, म्हणून लवंगी. ती वाकून दाताळं ओढत होती, पाठ आमच्याकडं. माझा आवाज तिच्या इतका सवयीचा की त्याच्याकडं तिचं लक्षही नसतं. काका नेहमी तिच्या चार हात अलीकडूनच मला मागं घ्यायचा. तिचा त्यावर आंधळा विश्वास.

काकानं तिला पाहिलं. मला माहीत आहे, कारण सीटवर त्याचा श्वास अडकला. पण हात दांड्यावर तसाच पडून होता. कापतही नव्हता. गोठला होता. चार हात, तीन हात. मी दहा टनांचा, आणि मला स्वतःला स्वतःचा ब्रेक लावता येत नाही! जन्मात इतकी लाज मला कधी वाटली नाही. मला ओरडायचं होतं, पण माझं ओरडणं म्हणजे तीच रोजची घरघर, तिला ती ऐकूच येत नव्हती.

तेव्हा काकानं कंबरेतून सगळं अंग पुढं झोकून दिलं. कपाळ मशीन एकदम बंद करायच्या लाल बटणावर आदळलं. इंजिन बंद.

शांतता झाली म्हणून लवंगीनं मागं वळून पाहिलं. माझा ड्रम आणि तिची टाच यांत एक वीत उरली होती.

मुकादम धावत आला. "गरम मालावर मशीन उभं केलंत? डोकं ठिकाणावर..." आणि मग तो बोलायचा थांबला. काकाच्या कपाळातून रक्त येत होतं आणि त्याचा हात आता मांडीवर पडून नुसता फडफडत होता. लपवायला काहीच नव्हतं. सगळी टोळी बघत होती.

"कधीपासून?" मुकादमानं विचारलं.

"तीन वर्षं."

"आणि मी मेला डिझेलसाठी बोंबलतोय."

लवंगी मात्र पुढं झाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "माझी दोन पोरं घरी वाट बघतात, काका. हात लपवताना ती नाही दिसली तुम्हाला?"

"नाही दिसली," काका म्हणाला. "मला फक्त हात दिसत होता. चुकलं माझं. उतरतो मी." त्यानं पाय उचलायचा प्रयत्न केला, पण पाय पायरीपर्यंत जाईना. त्याला उतरताही येईना.

आणि या सगळ्या बोलाचालीत मी खचत होतो. कुणाचं लक्ष नव्हतं, पण माझे दोन्ही ड्रम गरम डांबरात हळूहळू रुतत होते. मुकादमाच्या ते ध्यानात आलं तसा त्यानं कपाळाला हात लावला. दुसरा ऑपरेटर दीड तासाच्या अंतरावर. डांबर त्याच्या आधीच गार होणार.

लवंगीनं खळग्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग काकाकडं. एक शिवी हासडली, ती इथं सांगत नाही. "गोळी कुठंय?" खिशातली डबी काढून तिनं गोळी त्याच्या जिभेवर ठेवली, बाटली तोंडाला लावली. मग पायरीवर चढून सीटच्या काठाला टेकली. मुकादमानं रस्त्यावरची सगळी माणसं बाजूला घेतली.

"माझे पाय वाचले, आता रस्ता कशाला मारायचा? डोकं तुमचं, हात माझे. सांगा."

"वेडी झालीस का पोरी?"

"सांगा म्हणते ना!"

त्यानं सांगितलं. लाल बटण वर ओढ, चावी फिरव. कंपनाचं बटण बंद ठेव. दांडा हळू मागं घे, लोण्यातून सुरी काढतेस तसा. आता फेरी तिरकी घे. सरळ नको, तिरकी. थांबू नकोस! काही झालं तरी थांबू नकोस. ती दात-ओठ खात मला हाकत होती आणि मी, बढाई नाही मारत, पण माझ्या उभ्या जन्मात मी कुणाचं इतकं ऐकलं नाही. दहा-बारा फेऱ्या झाल्या. कितव्या फेरीला ते आठवत नाही, पण मधेच दांड्यावरच्या तिच्या हाताशेजारी काकाचा हात आला. गोळी लागू पडली होती. त्यानं मूठ धरली, आणि ती मूठ शांत होती.

रस्ता गार झाल्यावर मुकादमानं त्या जागी बादलीभर पाणी ओतून पाहिलं. पाणी सरळ वाहून गेलं, थेंब साचला नाही.

गार जागेवर आल्यावर काकानं चावी फिरवली. तीन वर्षांत पहिल्यांदा, सगळ्यांसमोर, स्वतःहून. खाली उतरला, टोळीत बसला. लवंगीनं कप दिला तो अर्धाच भरलेला. हिंदकळला तरी चहा सांडणार नाही इतकाच. पण दुसऱ्या दिवशी तिनंच ठणकावलं, "काका, माझ्यापुढं मशीन आणायचं असेल तर अटी माझ्या." एक वाजता मुकादम शिट्टी मारणार, गोळी घेतल्याशिवाय मशीन हलणार नाही. पुढं माणूस असेल तिथं काका चालवणार नाही. आणि लवंगी पायरीवर, हात लाल बटणाशी. वर साहेबांनाही त्यांनी सगळं सांगितलं. साहेबांनी नाक मुरडलं, पण सात महिने तसं चाललं. त्या सात महिन्यांत लवंगी शिकली, परीक्षा दिली, परवानाही आला.

गेल्या आठवड्यात वळणावर दांडा ओढतानाही काकाचा हात थरथरला. काम करताना. हे आधी कधी झालं नव्हतं. कुणाला दिसलं नाही, मला जाणवलं. त्यालाही जाणवलं. संध्याकाळी तो मुकादमाकडं गेला आणि म्हणाला, "बस झालं. शनिवारी उतरतो."

आज शनिवार.

म्हणून तो चावीशी घुटमळतोय आणि मी धडधडतोय. खाली काकू आल्यात. "अहो, उतरताय की मी वर येऊ?" त्यांचं दोनदा विचारून झालंय, पण त्या डाव्या बाजूला उभ्या आहेत. लवंगी मात्र उजवीकडं आली.

"काका, सोमवारी साडेसातला या. खुर्ची टाकते कडेला. माझी रेष वाकडी जाते, ओरडायला कुणीतरी लागेल."

"मी ओरडलेलं तुला ऐकू येणार नाही. मशीन चालू असेल."

"मग बंद करून ऐकेन. अर्ध्या चावीला सुरू होतं ते, मला माहितीय."

तो हसला. इतक्या दिवसांनी माझी बदनामी एकदाची धुऊन निघाली.

आता माझ्याकडं थोडाच वेळ आहे, तर तुम्हाला एवढंच सांगतो. रस्त्यानं जाताना कुणाचा हात कापताना दिसला तर टक लावून बघू नका, आणि मुद्दाम नजरही वळवू नका. चहा द्यायचा तर कप अर्धा भरा आणि हवापाण्याच्या गप्पा मारा. आणि स्वतःचं काही कापत असेल, तर माझ्यासारख्या एखाद्या थरथरत्याच्या आड लपवू नका. आम्ही झाकतो, पण आम्ही वेळेवर सांगू शकत नाही.

त्यानं चावी धरलीय. बघा, धरल्यावर कसा स्थिर आहे हात. फिरव रे म्हाताऱ्या. मी गार रस्त्यावर उभा आहे, खळगा पडणार नाही. फिरव.