अमरने लिहिलेला कॉम्प्युटर

मला माझा कॉम्प्युटर हवा होता आणि बाबांना अमरचा. चामोर्शीहून चंद्रपूरला येताना एसटीत आम्ही दोघं शेजारी बसलो होतो, पण निघालो होतो दोन वेगळ्या दुकानांकडे म्हणा ना.

अमर माझा मोठा भाऊ. चामोर्शीत लग्नपत्रिका आणि अर्ज छापून द्यायचं दुकान टाकणार होता. मी म्हटलं होतं, मले पण शिकव. तर म्हणाला, तू झाडू मारशील दुकानात. वर हसला. सन दोन हजारच्या पावसाळ्यात मलेरिया त्याच्या डोक्यात चढला आणि चौथ्या दिवशी तो गेला. घरभर रडारड झाली, मला काही रडू आलं नाही. दोन वर्षं झाली, अजून नाही. बाया म्हणायच्या, पोरगी दगडाची आहे. असेन. मी तेवढ्या काळात टायपिंग शिकून घेतलं; आता त्याचं दुकान मीच टाकणार होते.

त्याच्या शर्टाच्या खिशात सामानाची यादी सापडली होती. बाबा तलावात मासे मारतात, त्यांना वाचता येत नाही. जाळ्याच्या दोऱ्याच्या पिशवीत त्यांनी ती जपून ठेवली, कोणालाही हात लावू दिला नाही. मला तर मुळीच नाही.

चंद्रपुरात बाबांनी ती काढून कॉम्प्युटरच्या दुकानदाराला, दिनेशभाऊंना दिली. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि सरळ काट मारली.

"हा प्रोसेसर जुना झाला, भाऊ. एक पडून आहे माझ्याकडं, पण कामाचा नाई."

बाबांनी कागद ओढून घेतला. "पेन नको मारू त्याच्यावर. पडून हाय तोच दे. अमरनं तोच लिवला."

"पत्रिकेत फोटो टाकाचे म्हटलं तर हा तासभर बसवून ठेवते," दिनेशभाऊ माझ्याकडे बघून म्हणाले.

"नवा द्या," मी म्हणाले.

"साधना, अमरनं..."

"अमर नाई ना आता, बाबा. काम तर मले करा लागते."

हे मी इतकं सहज बोलले की माझं मलाच नवल वाटलं. आत काही हललं नाही. बाबांनी कागद माझ्या हातात दिला.

"वाच मंग तूच."

मी एकेक ओळ वाचत गेले. प्रोसेसर बदलला म्हणून मदरबोर्ड बदलावा लागला. मदरबोर्ड बदलला तर यादीतली रॅम त्यात बसेना. नव्या प्रोसेसरला जुन्या पद्धतीचा पॉवर सप्लायही चालेना. प्रत्येक ओळीला बाबा विचारायचे, "हे तरी राह्यते का?" आणि दिनेशभाऊ नकाराची मान हलवायचे.

पॉवर सप्लायचे दोन डबे त्यांनी काउंटरवर ठेवले. बाबांनी दोन्ही हातांत एकेक उचलून तोलले, बाजारात मासे तोलतात तसे.

"हा घे. वजनदार हाय."

"बरोबर पकडलं, भाऊ. हलका लवकर जळते."

तेवढी एक वस्तू बाबांच्या पसंतीची झाली. अमरची एकही नाही. मॉनिटरसुद्धा त्याने लिहिलेला मिळाला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. मी नुसती पुढची ओळ वाचत होते.

शेवटची ओळ अगदी खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात होती. ती वाचून मी थांबले.

"काय लिवलं हाय?" बाबांनी विचारलं.

"खुर्च्या दोन," मी वाचलं. "एक साधनाची."

"खुर्च्या आम्ही ठेवत नाई," दिनेशभाऊ म्हणाले. "समोरच्या फर्निचरवाल्याकडं भेटन."

मी ती ओळ पुन्हा वाचली. आता तरी रडू येईल असं वाटलं. आलं नाही. मी मॉनिटरच्या खोक्यावरच टेकले. झाडू मारशील म्हणाला होता मेला.

बाबांनी माझ्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

"एकीनं भागते, बाबा," मी म्हणाले. "दुसरीवर कोण बसते?"

"नाई," बाबा म्हणाले. "दोन घेऊ. लिवल्या तेवढ्या."