शाळा एकला सुटते

खारूची शाळा एकला सुटायची आणि तिच्या बाबांचं ऑफिस सहाला. मधले हे पाच तास खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंनी दोन वर्षं सांभाळले होते. खारूची आई गेली त्या महिन्यात काकूच वर येऊन म्हणाल्या होत्या, "मशीनच्या खडखडाटात माझा दिवस जातो. तेवढीच पोरीची सोबत."

बाबा जावक टेबलावर कारकून होते. पत्रं पाकिटात घालायची, पत्ते लिहायचे, तिकिटं लावायची. संध्याकाळी धावतपळत काकूंच्या दाराशी यायचं आणि लेकीची अखंड टकळी ऐकत जिना चढायचा.

त्या दिवशी दार लोटलेलंच होतं. आत दिवा नव्हता. खारू जमिनीवर चिंध्या रंगांप्रमाणे लावत बसली होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. काकू झोपल्यात."

काकू खुर्चीत होत्या. मान एका बाजूला कललेली, अंगावर खारूने पांघरलेली शाल. बाबांनी त्यांच्या हाताला हात लावला. तो गार पडला होता.

"कधीपासून झोपल्यात गं?"

"मी जेवले तेव्हापासून. आवाज करायचा नाही म्हणाल्या, म्हणून मी केला नाही. बाबा, मला शू लागलीय. पण तिकडचं दार करकरतं ना."

त्यांनी तिला उचललं आणि वर नेलं. शेजाऱ्यांना हाका मारल्या, डॉक्टरांना बोलावलं, काकूंच्या मुलाला फोन केला. सगळं रीतसर केलं. पण काकूंचा थंड हात सोडताना त्यांच्या मनात पहिला विचार आला होता तो एवढाच, की उद्या काय? या बाईने आपल्या लेकराला पोटच्यासारखं वाढवलं आणि आपल्याला उद्याची पडली आहे! त्यांना स्वतःचीच किळस आली. तरीही उद्या काही टळणार नव्हता.

सकाळी ते साहेबांसमोर उभे राहिले. "साहेब, आठला येतो. जेवणाची सुट्टीही नको. पण मला लवकर सोडा."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग म्हणाले, "आठला ऑफिस उघडतच नाही हो. आणि तुम्हाला सवलत दिली की बाकीचे माझ्या डोक्यावर बसतील."

शाळेत बाई म्हणाल्या, "एक वाजता शिपाई फाटक लावतो. आमचीही घरं आहेत."

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांनी कुणालाच सांगितली नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत धावत जाऊन ते खारूला घरी आणत, ताट वाढून ठेवत आणि बाहेरून कुलूप घालत. संध्याकाळी ताट तसंच असायचं. खारू दाराला पाठ लावून बसलेली असायची. विचारलं तर म्हणायची, "भूक नव्हती."

रविवारी दुपारी त्यांचा जरा डोळा लागला, तर तिने दोन्ही हातांनी त्यांना गदागदा हलवलं.

"काय झालं गं?"

"काही नाही. झोपा."

पुन्हा डोळे मिटले की पुन्हा तेच. चौथ्यांदा ते ओरडले. ती रडली नाही, नुसती त्यांच्या छातीकडे टक लावून बघत राहिली. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

त्यांनी बहिणीला फोन केला. ती दुसऱ्या गावी राहायची, घरीच असायची. आली, कडीला लटकणारं कुलूप बघून दारातच थबकली.

"दादा, हिला कोंडून ठेवत होतास?"

"मग काय करू? नोकरी सोडू?"

"सोडू नकोस. पण पोर मी नेते."

त्यांनी स्वतःच पिशवी भरली. बसमध्ये खारू खिडकीशी बसली. "बाबा, तुमचं ऑफिस सुटलं की या," ती म्हणाली. त्यांनी मान डोलावली. ऑफिस सुटल्यावर त्या गावाला पोचणारी बस नव्हती, हे त्यांनी सांगितलं नाही.

बहीण फोनवर सांगायची, रुळली हो, जेवते, झोपते. त्यांना बरं वाटायचं आणि त्या बरं वाटण्याचाच राग यायचा. खारू फोनवर यायची, पण तिचं बोलणं दोन वाक्यांत आटपायचं.

पुढच्या महिन्यात एकदा सहा वाजता साहेब त्यांच्या टेबलाशी आले. हातात पत्रांचा गठ्ठा होता.

"आता तुम्हाला घरी जायची तशी घाई नसते, नाही का?"

"नाही साहेब," ते म्हणाले आणि त्यांनी पाकिटं पुढे ओढली.