स्क्रीनवरचं हिरवं पान

मित्रांनो, घाबरू नका, मी चावतो ते फक्त लोखंडाला. मी एक जुना लेथ आहे. माझ्या जबड्यात सळई घट्ट धरायची, मला सुरू करायचं आणि हत्यार टेकवायचं, की बटाट्याची साल निघावी तशी लोखंडाची निघते. पंपांचे दांडे, गाड्यांचे बोल्ट असं कितीतरी मी कातून दिलं. कारखान्यात आलो तेव्हा मालकांनी स्वतःच्या हातांनी माझ्या अंगाला तेल लावलं होतं. "हा आमचा कमावता लेक," असं ते पाहुण्यांना सांगत, आणि मी फुलून जात असे.

माझ्यावर काम करायची ती हळूबाई. कधी घाई करत नाही म्हणून सगळे तिला तसंच म्हणत. जेवायला जाताना ती मला न चुकता बंद करायची. तेवढाच मला विसावा.

मग मालकांच्या पुतणीने माझ्या डोक्यावर एक पांढरी डबी बसवली. बाकीच्या मशीनवरही तशाच. सेन्सर म्हणे!

"काका, मशीन किती फिरलं, किती वेळ बसून राहिलं, सगळं हिला कळतं. विजेची नासाडी थांबेल बघा."

भिंतीवर स्क्रीन लागली. तिच्यावर माझ्या नावाचं एक पान होतं, झाडाचं असतं तसं. मी चालू असलो की हिरवं, थांबलो की लाल. मला ती डबी पहिल्या दिवसापासून आवडली नाही. जी स्वतः एक बोल्ट कातत नाही आणि दिवसभर दुसऱ्याचं मोजते, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा? थोडा मत्सरही होता, नाही म्हणत नाही.

पण माझा संशय खरा ठरला. डबीला फिरणं कळत होतं, काम कळत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत पान लाल झालं की मालकांचा पारा चढायचा. शेवटी हळूबाईने शक्कल काढली. जबडा रिकामा ठेवून मला तसंच चालू सोडलं आणि ती डबा खायला बसली. पान हिरवंगार!

"उगाच कशाला फिरवतेस गं त्याला?" वेल्डरने विचारलं.

"हिरवं पान हवंय ना त्यांना? मग घ्या म्हणावं!"

हळूहळू सगळ्यांनीच तो रस्ता धरला. उपाशीपोटी फिरून फिरून माझं बेअरिंग झिजलं. वीज गेली ती वेगळीच. डब्या तर सारख्या मरत, आणि उघडून दुरुस्त करायची सोय नव्हती. त्यांचा कॉम्प्युटर असलेल्या खोलीत एसी अखंड चालू असे, पण त्या खोलीच्या नावाचं पान स्क्रीनवर मला कधी दिसलं नाही.

एक दिवस डब्यांच्या कंपनीने कळवलं, की जुन्या मशीनला बसणारी डबी आता बंद. माझी डबी मेली, ती बदलता येईना, आणि माझं पान कायमचं लाल झालं.

"काका, बेअरिंग बदललं तर हा अजून खूप चालेल," पुतणी हळूच म्हणाली.

"चालेल गं, पण गिऱ्हाईकही आता स्क्रीनवरचं हिरवं पान बघूनच काम देतं. काढा भंगारात."

मित्रांनो, मला जायचं नव्हतं.

भंगारवाला आला. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "माल चोख आहे. वितळवला की पुन्हा काहीतरी होईल याचं."

पुतणीने मागच्या दारातलं पिंप दाखवलं. मेलेल्या डब्यांनी ते काठोकाठ भरलं होतं. काहींच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या. "हेही घेऊन जा, दादा."

त्याने आत डोकावून झाकण परत लावलं. "छे, ताई! हे पेट घेतं. मी हात लावणार नाही."

"मग आम्ही टाकायचं कुठे?"

"ज्याने आणलं त्याला विचारा."

हळूबाई कोपऱ्यात डोळे पुसत होती. मला साखळी बांधून ट्रकवर चढवलं. पिंप तिथेच राहिलं, पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारी.

मित्रांनो, माझ्यासाठी रडू नका, आणि नव्याला उगाच नावंही ठेवू नका. पण कुणी हिरवं पान दाखवत दारात आलं, तर आधी एवढंच विचारा, "हे मेल्यावर कोण नेणार?" उत्तर मिळेपर्यंत त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.